छायाचित्रकाराची पाटी



घरांतील जुनी ट्रंक उघडली कीं तळाशीं कोठें तरी जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेला एक फोटो हमखास सांपडतो. फेटा बांधलेले एक गृहस्थ खुर्चीवर बसलेले, शेजारीं नऊवारी नेसलेली एक बाई उभी, मागें रंगविलेला पडदा आणि त्या पडद्यावर कोणत्या तरी विलायती बागेंतील खांब. हे गृहस्थ कोण, असें विचारलें तर घरांत एकमत होत नाहीं. कोणी म्हणतें, आजोबांचे थोरले काका. कोणी म्हणतें, छे, ते मामंजींच्या आजोळचे. परंतु त्याच पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यांत सोनेरी किंवा उठावाच्या अक्षरांत एक नांव असतें, आणि तें मात्र अजून स्वच्छ वाचतां येतें. तें नांव फोटो काढणाराचें. ज्यानें पैसे मोजले त्याचें नांव गेलें आणि ज्यानें पैसे घेतले त्याचें राहिलें! या कोपऱ्यांतल्या नांवाविषयीं आज मी बोलणार आहे.

निमित्त घडलें तें असें. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांत एक मुलगी आहे. चार वर्षें तिनें दुसऱ्याच्या स्टुडिओंत उमेदवारी केली. लग्नसमारंभांत पहांटे मुहूर्तापासून रात्रीं वरातीपर्यंत उभें राहून तिनें जीं चित्रें टिपलीं तीं अर्थातच मालकाच्या नांवानें गिऱ्हाइकांच्या घरीं गेलीं. त्याबद्दल तिची फारशी तक्रार नव्हती. उमेदवारी म्हटली कीं असें चालावयाचेंच. आतां तिला स्वतःचा धंदा मांडावयाचा होता, आणि येत्या वैशाखांत तिचें लग्नही ठरलेलें होतें. एके दिवशीं सकाळीं ती हातांत एक कागद घेऊन आली. त्यावर बावीस नांवें होतीं. सोळा नांवांत 'क्लिक', 'लेन्स', 'फ्रेम', 'पिक्सेल', 'मोमेंट्स' यांपैकीं एक तरी शब्द होता. दोहोंत 'स्वप्न' होतें. एकांत 'क्षण' होता, आणि तो रोमन लिपींत अशा रीतीनें लिहिलेला होता कीं वाचणाराची जीभ अडखळावी. उरलेलीं तीन नांवें तिचीं स्वतःचींच होतीं. एक माहेरच्या आडनांवासह, एक सासरच्या आडनांवासह आणि एक आडनांवावांचून. "काका, यांतलें कोणतें?" असा तिचा प्रश्न होता.

मीं तिला त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. धंद्याचें नांव हें मुलाच्या नांवासारखें असतें. बारशाला आलेल्या पाहुण्यांनीं सुचवावें, ठरवूं नये. पण तिला मीं ज्या गोष्टी सांगितल्या त्या आपल्यालाही सांगाव्या असें वाटलें. कारण फोटोग्राफीचा धंदा करूं इच्छिणारें एखादें मूल आज पुष्कळ घरांत आहे, आणि पाटीवर काय लिहावें हा प्रश्न कॅमेरा कोणता घ्यावा या प्रश्नापेक्षां लवकर दारांत येऊन उभा राहतो.

पहिली गोष्ट पॅरिसची. तेथें १८२० सालीं गास्पार-फेलिक्स तूर्नाशों या नांवाचा एक मुलगा जन्मास आला. तारुण्यांत तो वर्तमानपत्रांत लिहूं लागला, व्यंगचित्रें काढूं लागला. त्याच्या मित्रमंडळींत शब्दांच्या शेवटीं 'दार' जोडून बोलण्याची एक थट्टेची रीत होती. त्या थट्टेंत तूर्नाशोंचा 'तूर्नादार' झाला आणि पुढें झिजून झिजून नुसता 'नादार' उरला. आपल्या मराठी कानाला या नांवाची गंमत वाटते, कारण आपल्याकडे नादार म्हणजे शाळेंत फी माफ झालेला गरीब विद्यार्थी; आणि तरुणपणीं हे फेलिक्समहाशयही कर्जांत बुडालेलेच असत! असो. १८५४ सालीं त्यानें आपल्या काळच्या लेखकांचीं शेंकडों व्यंगचित्रें एकाच भल्या मोठ्या शिळाछापी चित्रांत गोंवून प्रसिद्ध केलीं, आणि नादार हें नांव पॅरिसच्या लिहित्या-वाचत्या लोकांत सर्वतोमुखीं झालें.

त्याचा धाकटा भाऊ आद्रियें हा चित्रकार होता, पण त्याचें बस्तान कांहीं बसत नव्हतें. थोरल्या भावानें आपल्या पदरच्या पैशानें त्याला ग्यूस्ताव्ह ल ग्रे नांवाच्या नामांकित छायाचित्रकाराकडे शिकावयास ठेवलें आणि त्याला स्टुडिओ थाटून दिला. धंदा चालेना, तेव्हां थोरला मदतीस गेला. कांहीं महिने दोघांनीं मिळून काम केलें, मग बिनसलें, आणि १८५५ च्या आरंभीं थोरला बाहेर पडला. येथपर्यंत ही कोणत्याही एकत्र कुटुंबाची हकीकत वाटेल. पण धाकट्यानें स्टुडिओ चालू ठेवला आणि चित्रांवर सही ठेवली ती 'धाकटा नादार' अशी. फेलिक्सनें विनविलें, समजाविलें. शेवटीं १८५६ मध्यें सख्ख्या भावावर दावा लावला. भांडण घराचें नव्हतें, शेतीचें नव्हतें. भांडण होतें मित्रांनीं थट्टेनें पाडलेल्या एका टोपणनांवाचें.

या दाव्यांत फेलिक्सनें जी कैफियत मांडली ती छापून निघाली, आणि तिच्यांतील एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, फोटोग्राफीचें शास्त्र तासाभरांत शिकतां येतें आणि हात बसावयास एखादा दिवस पुरे. जें शिकवितां येत नाहीं तें म्हणजे प्रकाशाची जाण आणि समोर बसलेल्या माणसाच्या स्वभावाची चट्कन होणारी ओळख. ही जाण म्हणजेच नादार. ती ज्याच्यापाशीं आहे त्याचें तें नांव. डिसेंबर १८५७ मध्यें निकाल थोरल्याच्या बाजूनें लागला आणि नादार ही सही एकट्या फेलिक्सची ठरली.

मला या कथेंत धाकट्याचीही कींव येते. मूकनाट्यांतील एका प्रसिद्ध नटाला पिएरोच्या पांढऱ्या वेषांत उभा करून या भावांनीं काढलेली चित्रमालिका आजही फोटोग्राफीच्या इतिहासांत मानानें छापली जाते. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनांत तिला पदक मिळालें, तेव्हां ती धाकट्याच्याच नांवाखालीं मांडलेली होती. त्याच्या अंगीं गुण नव्हता असें नाहीं. स्वतःच्या आडनांवानें तो धंदा करूं शकला असता. पण तयार वाट दिसल्यावर नवी पाडण्याचा कंटाळा कोणाला येत नाहीं?

नादारचें पुढें काय झालें तें सांगतों. १८६० च्या सुमारास त्यानें बुलेव्हार दे काप्युसीन या हमरस्त्यावर पस्तीस नंबरच्या इमारतींत नवा स्टुडिओ थाटला. इमारतीच्या दर्शनी भागावर त्याची सहीच प्रचंड आकारानें झळकत असे आणि रात्रीं ती गॅसच्या दिव्यांनीं उजळे. छापील अक्षरें नव्हेत, सही. हें ध्यानांत घ्या. जी खूण चित्राच्या कोपऱ्यांत, तीच रस्त्यावर. आज ज्याला आपण नाममुद्रा म्हणतों तिचा अर्थ या माणसाला दीडशें वर्षांपूर्वीं बरोबर कळला होता. त्याच जागेंत १८७४ मध्यें मोने, रन्वार, देगा प्रभृति चित्रकारांनीं आपलें पहिलें प्रदर्शन भरविलें, तेव्हां नादारनें ती जागा सोडलेली होती. तरी लोक तिला नादारची जुनी जागा म्हणूनच ओळखत होते. आणि पुढें धंदा चालविला तो मुलानें, पॉल नादार या नांवानें. भावाला कोर्टानें नाकारलेलें टोपणनांव मुलाला वारशानें आडनांव म्हणून मिळालें!

हें सांगून झाल्यावर शेजारची मुलगी म्हणाली, "म्हणजे स्वतःचें नांव लावणेंच बरें." मीं म्हटलें, थांब. स्वतःच्या नांवाचाही एक धोका आहे. तें विकतां येत नाहीं, आणि विकलें तर परत मिळत नाहीं.

सॅम्युएल बोर्न नांवाचा एक इंग्रज बँकेंतली कारकुनी सोडून १८६३ मध्यें हिंदुस्थानांत आला. सिमल्यास त्यानें आधीं हॉवर्ड नांवाच्या गृहस्थाबरोबर भागी केली, मग चार्ल्स शेफर्ड मिळाला. हॉवर्ड गेल्यावर पाटी 'बोर्न अँड शेफर्ड' अशी झाली. हिमालयाच्या खिंडी ओलांडून, कांचेच्या जड तावदानांचीं ओझीं हमालांच्या पाठीवर घालून बोर्ननें काढलेलीं चित्रें जगप्रसिद्ध आहेत. पण बोर्न या देशांत जेमतेम सात-आठ वर्षें राहिला. १८७० च्या सुमारास तो मायदेशीं गेला आणि कापसाच्या धंद्यांत पडला. कांहीं वर्षांनीं शेफर्डही गेला. पाटी मात्र राहिली. कलकत्त्याचा स्टुडिओ हातोहात विकला गेला, गोऱ्या मालकांकडून हिंदी मालकांकडे आला, १९९१ मध्यें लागलेल्या आगींत त्याचा जुना संग्रह खाक झाला, तरी पाटी तीच. आणि शेवटीं दार बंद झालें तें २०१६ सालीं. म्हणजे ज्या नांवानें माणसें सुमारें दीडशें वर्षें फोटो काढून घेत होतीं, त्या नांवाचीं माणसें त्यांतलीं शंभराहून अधिक वर्षें तेथें नव्हतींच. नांव धंद्याचें झालें, बोर्नचें राहिलें नाहीं. बोर्न परत आला असता तर त्याला आपल्याच नांवाच्या दुकानांत गिऱ्हाईक म्हणून शिरावें लागलें असतें.

आपल्या दादासाहेब फाळक्यांच्या आयुष्यांतही हा प्रश्न वारंवार आला. चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं गोधऱ्यास त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. पुढें त्यांनीं छापखाना काढला, त्याला प्रथम स्वतःचें नांव दिलें. भागीदार आल्यावर त्याचें 'लक्ष्मी आर्ट' झालें. भागीदारांशीं पटेना, तेव्हां दादासाहेब बाहेर पडले, आणि लक्ष्मी मागें राहिली. १९१२ मध्यें त्यांनीं जी कंपनी उभारली तिला 'फाळके फिल्म्स' हें नांव दिलें, त्यांत मला आदल्या अनुभवाचा चटका दिसतो. आणि १९१८ मध्यें भांडवलवाले आल्यावर पुन्हां 'हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी' आली. भागीदार आले कीं नांव सार्वजनिक होतें आणि भागीदार गेले कीं घरचें होतें. फोटोचा धंदा दोघां मित्रांनीं मिळून काढावयाचा असेल तर पाटी रंगविण्यापूर्वीं एका साध्या कागदावर एवढें लिहून ठेवावें कीं, उद्यां फाटलें तर नांव कोणाचें. मैत्री मोडेल म्हणून लोक हें टाळतात. माझा अनुभव असा कीं, मैत्री मोडते ती हें न लिहिल्यामुळें.

इंग्रजींतला 'ब्रँड' हा शब्द मूळचा गुरांना तापल्या लोखंडानें द्यावयाच्या डागाचा. आपल्या पेढ्यांवरचा जुना शब्द निराळा आहे, 'पत'. डाग आपण आपल्या हातानें देऊं शकतों. पत दुसऱ्यानें द्यावयाची असते. या पतीचें उत्तम उदाहरण म्हणजे राजा दीनदयाळ. मीरतजवळच्या सरधन्याचा हा मुलगा, जन्म १८४४ चा. रुडकीच्या कॉलेजांत इंजिनियरी शिकला, इंदुरास सरकारी बांधकाम खात्यांत नकाशे काढण्याची नोकरी करूं लागला, आणि हौस म्हणून फोटोग्राफी करतां करतां निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला. १८९४ मध्यें सहाव्या निजामानें त्याला 'राजा मुसव्विर जंग बहादूर' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. त्यानें आपल्या जाहिरातींत या बिरुदावळींतील मुसव्विर जंग फारसें मिरविलें नाहीं. लहानसा 'राजा' तेवढा उचलला, आणि तो त्याच्या नांवाला असा चिकटला कीं आज नुसतें दीनदयाळ म्हटलें तर अर्धें नांव घेतल्यासारखें वाटतें. इंदूर, सिकंदराबाद आणि १८९६ पासून मुंबई येथें त्याचे स्टुडिओ होते.

पण त्याची पत किताबावर उभी नव्हती. १८९२ मध्यें हैदराबादेस त्यानें जनान्यासाठीं स्वतंत्र स्टुडिओ काढला. तेथें सर्व कारभार एका इंग्रज बाईंच्या हातीं होता, आणि पुरुषाची दृष्टि पडणार नाहीं अशी उंच भिंतींची व्यवस्था होती. त्या काळीं पडद्यांतील स्त्रीचा फोटो काढावयाचा म्हणजे घराण्याची अब्रू परक्या माणसाच्या हातीं देण्यासारखें होतें. काढलेला फोटो कोणाच्या हातीं पडेल, त्याच्या प्रती निघतील कां, ही भीति आजही गेलेली नाहीं. उलट मोबाइलच्या काळांत ती शतपट वाढली आहे. दीनदयाळाच्या नांवावर बडीं घराणीं आपल्या लेकीसुनांना पाठवूं लागलीं, तेव्हां तें नांव पाटीवरून उतरून लोकांच्या मनांत गेलें. ज्या फोटोग्राफरला बारशाचे, लग्नाचे, घरांतल्या मुलांचे फोटो काढावयाचे आहेत त्यानें 'मोमेंट्स' कीं 'मेमरीज' याचा विचार करण्यापूर्वीं इतकेंच ठरवावें कीं, आपण गिऱ्हाइकाचीं चित्रें न विचारतां जाहिरातींत लावणार कीं नाहीं. एवढ्या एका गोष्टीनें नांव होतें किंवा जातें.

येथें आमच्या मुलीनें तिचा खरा प्रश्न काढला. ती म्हणाली, "हे सगळे पुरुष. त्यांचें आडनांव जन्मापासून मरणापर्यंत एकच. माझें वैशाखांत बदलणार." यावर मला दोन स्त्रिया आठवल्या.

१९३६ सालीं पॅरिसमध्यें आंद्रे फ्रीडमान नांवाचा एक हंगेरियन निर्वासित तरुण आणि गेर्टा पोहोरिल नांवाची त्याची मैत्रीण मोठ्या विवंचनेंत होतीं. त्याचे फोटो कोणी घेत नव्हतें, घेतलेच तर कवडीमोलानें. दोघांनीं मिळून एक युक्ति काढली. 'रॉबर्ट कापा' नांवाचा एक धनाढ्य अमेरिकन छायाचित्रकार त्यांनीं कल्पनेनें निर्माण केला, आणि हा बडा माणूस कमी दरानें चित्रें देत नाहीं असें सांगून त्याचे फोटो संपादकांना विकावयास सुरुवात केली. चित्रें तींच, भाव चढला! सोंग फार दिवस टिकलें नाहीं, पण तोंवर नांव टिकण्याजोगें झालें होतें, आणि फ्रीडमान कायमचा कापा झाला. तिनेंही आपलें नांव बदलून गेर्डा टारो असें घेतलें. स्पेनच्या यादवी युद्धांत दोघें बरोबर हिंडलीं. आरंभीं चित्रें 'कापा'च्या नांवावर जात, कांहीं काळ दोघांच्या जोडनांवावर. तिचें स्वतंत्र नांव नुकतें कोठें छापून येऊं लागलें होतें, तोंच जुलै १९३७ मध्यें ब्रुनेतेच्या लढाईंत ती गेली, वय सव्वीस. पुढें कितीएक वर्षें तिचीं चित्रें कापाचीं म्हणून चालत राहिलीं. २००७ सालीं मेक्सिकोंतून हरवलेल्या निगेटिव्हांच्या पेट्या सांपडल्या, सुमारें साडेचार हजार चित्रांच्या, तेव्हां यांतलीं पुष्कळशीं टारोचीं असें निश्चित झालें. जें नांव घडविण्यांत तिचा अर्धा वांटा होता, त्यानेंच तिला सत्तर वर्षें झांकून ठेवलें.

दुसरी आपल्याकडची, होमाई व्यारावाला. नवसारीस १९१३ मध्यें जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या या बाई भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. त्यांचीं सुरुवातीचीं चित्रें पतीच्या, माणेकशा यांच्या, नांवानें छापून येत. नंतर त्यांनीं 'डालडा १३' असें टोपणनांव घेतलें. ऐकून आपल्याला तुपाचा पिवळा डबा आठवेल. पण उगम निराळा. जन्म तेराचा, पतीची पहिली भेट वयाच्या तेराव्या वर्षीं, आणि दिल्लींत घेतलेल्या पहिल्या मोटारीच्या पाटीवर डी. एल. डी. तेरा! असलें खट्याळ नांव घेऊन ही साडी नेसलेली बाई नेहरूंपासून माउंटबॅटनपर्यंत सर्वांच्या पुढें कॅमेरा घेऊन उभी राहिली. १९७० च्या सुमारास त्यांनीं काम थांबविलें. २०११ मध्यें पद्मविभूषण मिळालें तें मात्र होमाई व्यारावाला या नांवाला. आज 'डालडा १३' ही एक आठवण म्हणून सांगितली जाते.

शेजारच्या मुलीला मीं एवढेंच सुचविलें कीं, जें नांव आज चित्रांवर घालशील तें वीस वर्षांनीं बदलावें लागणार नाहीं असें पाहा. माहेरचें घ्यावें कीं सासरचें हा तुझा आणि तुझ्या घराचा प्रश्न, दोन्ही चालतील. चालणार नाहीं तें एवढेंच कीं, आज एक आणि पांच वर्षांनीं दुसरें. लोकांच्या आठवणींत दोन अर्ध्या बाया उरतात.

कागदावरच्या सोळा 'क्लिकां'विषयींही बोलावयास हवें. अशा नांवांची अडचण ही कीं तीं कोणाचींच नसतात. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार माल किंवा सेवा यांचें नुसतें वर्णन करणारें नांव सहसा नोंदलें जात नाहीं. न्हाव्यानें 'केशकर्तनालय' या शब्दावर हक्क सांगावा तसें तें होईल. ज्याला नोंदणी हवी त्यानें असें नांव शोधावें कीं जें धंद्याचें वर्णन करीत नाहीं. जॉर्ज ईस्टमननें १८८८ मध्यें 'कोडॅक' हा शब्द असाच केवळ शून्यांतून काढला. 'क' हें अक्षर त्याला आवडे, म्हणून आरंभीं आणि शेवटीं तेंच घातलें. शब्द आंखूड असावा, उच्चारांत बिघडूं नये आणि दुसऱ्या कशासारखा वाटूं नये, एवढीच त्याची अट होती. जगांतल्या बहुतेक भाषांत तो जसाच्या तसा उच्चारला गेला. फोटोग्राफीची सेवा नोंदणीच्या एकेचाळिसाव्या वर्गांत येते. २०१७ च्या नियमांप्रमाणें एकट्या माणसाला एका वर्गाच्या संगणकी अर्जास साडेचार हजार रुपये पडतात आणि झालेली नोंदणी दहा वर्षें चालते, पुढें वाढवितां येते. स्वतःचें नांव प्रामाणिकपणें धंद्याला लावणाराला मात्र कायद्यानें संरक्षण दिलें आहे. 'प्रामाणिकपणें' या शब्दावर भर द्या. धाकट्या नादारचा खटला आपल्याकडेही होऊं शकतो. ज्या गांवांत दोन दुकानांवर 'मूळ' आणि तिसऱ्यावर 'जुनें व अस्सल' असें लिहिलेलें असतें, त्या गांवांत तो झालेलाच आहे असें समजावें.

आतां कानाची कसोटी. मी हें नभोवाणीवरून बोलत आहें, आणि आपण ऐकत आहांत. दोघांमध्यें कागद नाहीं. लग्नघरांतही असेंच असतें. मंडपांत एक मावशी दुसरीला विचारते, "फोटो कोणी काढले हो?" आणि उत्तर वाजंत्र्यांच्या गलबल्यांत एकदांच मिळतें. तें नांव ऐकून मावशीला घरीं जाऊन मोबाइलवर सांपडविलें पाहिजे. येथें आपल्या आडनांवांची पंचाईत होते. काळे आणि काले रोमन लिपींत एक होतात. क्षीरसागरांचा क्ष तीन तऱ्हांनीं लिहितात, आणि ज्ञानेश्वराच्या ज्ञ विषयीं तर बोलूंच नये. यावरून कोणी असें म्हणेल कीं, मग सोपें, आंखूड विलायती नांव घ्यावें. तें मला मान्य नाहीं. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनीं जाहिरातीच्या इंग्रजाळलेल्या जगांत आणि चित्रपटतारकांच्या गर्दींत आपलें लांबलचक मराठी आडनांव एका अक्षरानेंही तासलें नाहीं. ज्यांना 'ध्यक्ष' म्हणतां येत नव्हतें ते म्हणावयास शिकले, कारण त्यांना आपला चेहरा त्या माणसाकडूनच टिपून घ्यावयाचा होता. एक रोमन रूप ठरवावें, तेंच सर्वत्र लिहावें, आणि तेंच रूप दुसऱ्या कोणी संकेतस्थळावर किंवा इन्स्टाग्रामवर आधीं घेतलेलें नाहीं ना, हें पत्रिका छापण्यापूर्वीं पाहावें, म्हणजे झालें.

आणि महाराष्ट्रांत पाटी देवनागरींत हवी. २०२२ च्या दुरुस्तीनें हा नियम दहाहून कमी नोकर असलेल्या लहान दुकानांनाही लागूं झाला. मराठी अक्षरें दुसऱ्या लिपीच्या अक्षरांपेक्षां लहान असतां कामा नयेत. मला या नियमाचा एक अनपेक्षित फायदा दिसतो. रोमन लिपींत ऐटबाज दिसणारीं कितीएक नांवें देवनागरींत उतरविलीं कीं ओशाळतात. 'एटर्नल मोमेंट्स बाय' असें मोठ्या मराठी अक्षरांत दारावर लिहून पाहा, आणि समोरच्या पानवाल्याला तें वाचावयास सांगा.

तिनें तें केलें. पानवाल्याला नव्हे, आपल्या आजीला तिनें ते बावीसही शब्द देवनागरींत लिहून वाचावयास दिले. आजीनें चष्मा लावून यादी खालपर्यंत वाचली आणि विचारलें, "यांत फोटो कोण काढणार?" त्या दिवशीं एकोणीस नांवांवर काट बसली. उरलेल्या तिहींचा निकाल लागावयास पंधरवडा गेला. मध्यें एकदां होणाऱ्या सासूबाई येऊन गेल्या, "आमच्या आडनांवांत कांहीं वाईट आहे कां?" असें त्यांनीं सरळ विचारलें, आणि मुलीनेंही सरळ सांगितलें कीं, चार वर्षांत ज्या शंभर-सव्वाशें घरांशीं ओळख झाली त्या घरांना मी माहेरच्या नांवानें ठाऊक आहें, तें नांव टाकलें तर पुन्हां पहिल्या घरापासून सुरुवात करावी लागेल. सासूबाई स्वतः पंचवीस वर्षें शिक्षिका होत्या. त्यांनीं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या कीं, लग्नानंतर शाळेच्या हजेरीपटावर माझें नांव बदललें, त्या वर्षीं जुनीं मुलें भेटावयास आलीं तर शिपाई त्यांना अशा कोणी बाई येथें नाहींत म्हणून परत पाठवीत असे.

गेल्या रविवारीं पाटी रंगविणारा आला होता. नांवांत एक 'ळ' आहे. तो त्यानें फार सुरेख काढला. खालीं 'छायाचित्रकार' लिहूं कीं 'फोटोग्राफर', असें त्यानें विचारलें, तेव्हां तिनें तेवढी जागा मोकळी ठेवावयास सांगितली. मी जवळ जाऊन पाहूं लागलों, तर रंग अजून ओला आहे, हात लावूं नका, असें तिनें मला बजावलें.